फुकटचा खेळ आणि विकतचे यंत्र



आमच्या घरात ‘हार्डवेअर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला वडिलोपार्जित : खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, पत्रे, नळ आणि रंगाचे डबे. शहाड स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर हाच अर्थ गेली पन्नास वर्षे रंगवलेला आहे. दुसरा अर्थ माझ्या एकट्याचा : मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड. दुकान दादा सांभाळतात, हिशेब मी पाहतो, आणि उरलेल्या वेळात कुणाच्या ना कुणाच्या कॉम्प्युटरचे पोट उघडून बसतो. आमच्या वहिनी याला ‘रिकामा उद्योग’ म्हणतात. पंचवीस वर्षांनंतर मला त्यात आता काही वावगे वाटत नाही.

या सदरामुळे समाजातील अनेक पालकांचे दूरध्वनी येतात. त्यांतला एक प्रश्न गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे शब्दही ठरून गेले आहेत : “मुलगा गेमिंगचा कॉम्प्युटर मागतो आहे. साठ-सत्तर हजार सांगतो. घेऊन द्यावा का?” विचारणारे बहुधा वडील असतात, आवाज थोडा दबका असतो, आणि मी नाही म्हणावे अशी त्यांची मनोमन इच्छा असते. आजवर मी सुट्या भागांची यादी सांगून मोकळा होत असे. या खेपेस मात्र दादांची परवानगी घेऊन आमच्याच घरात घडलेले सांगतो. यादीपेक्षा ते अधिक उपयोगी पडावे.

गोष्ट मे २०२५ ची. माझा पुतण्या नुकताच दहावीच्या परीक्षेतून मोकळा झाला होता आणि दुपारी गल्ल्यावर बसू लागला होता. एका रात्री रोजमेळ जुळेना. रोख बरोबर होती. बँकेच्या खात्यात तूट होती. मी उतारा काढला तेव्हा तेवीस छोट्या रकमा दिसल्या. कधी ८९ रुपये, कधी ४४९, एकदा १,९९९. एकूण १४,७६० रुपये. साऱ्या दुकानाच्या फोनवरून, साऱ्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आणि साऱ्या एकाच दिशेने गेलेल्या : मोबाईलवरचा एक नेमबाजीचा खेळ. पिन त्याला ठाऊक होता, कारण रंगाच्या कंपनीच्या माणसाला पैसे पाठवण्याचे काम दादांनी विश्वासाने त्याच्यावरच सोपवले होते.

त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. दादांनी उतारा दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. सकाळी ते मला एवढेच म्हणाले, “चौदा हजार गेले त्याचे काही नाही. उधारीत याहून मोठ्या रकमा बुडाल्या आहेत. पण गल्ल्यावर बसणाऱ्याने गल्ल्यात हात घातला.” पुतण्या तीन दिवस दुकानात आला नाही.

चौथ्या दिवशी मी त्याला गच्चीवर घेऊन बसलो आणि हे पैसे नेमके कशाचे झाले ते समजावून घेतले. वाचकहो, मी स्वतः खेळ खेळत वाढलेला माणूस. पण त्याने जे सांगितले त्याने मीही चकित झालो. खेळ फुकट होता. उतरवून घ्यायला एक पैसाही पडत नव्हता. विकत होते ते पात्राचे कपडे आणि बंदुकीचे रंग, आणि तेही सरळ विकत नव्हते. तुम्ही एक बंद पेटी विकत घेता. पेटीत काय निघेल ते ठाऊक नसते. हवा तो रंग निघाला नाही तर आणखी एक पेटी. “काका, दहाव्या पेटीत निघतोच असे सगळे सांगतात,” तो म्हणाला. मी विचारले, “निघाला?” म्हणाला, “एकोणिसाव्या पेटीत.”

सात व्यसनांच्या यादीत पहिले नाव द्यूताचे का आहे, हे मला त्या गच्चीवर नव्याने कळले. बेल्जियमने २०१८ साली अशा बंद पेट्यांना जुगारच ठरवले आणि त्यावर खेळ-कंपन्यांना त्या देशात पेट्यांची विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्राचा कायदा त्यानंतर तीनच महिन्यांनी झाला; २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. बंदुकीचा जांभळा रंग जिंकणाऱ्या मुलाच्या हाती पैसे लागत नाहीत, फक्त सुटतात. तेव्हा कायद्याच्या भरवशावर न राहता प्रत्येक दुकानदार वाचकाने आज रात्रीच एक काम करावे : दुकानाच्या वसुलीचा फोन वेगळा ठेवावा, त्याचा पिन बदलावा आणि त्यात एकही खेळ ठेवू नये.

याच सुमारास मी दादांपुढे असा प्रस्ताव ठेवला की त्यांना माझ्या बुद्धीचीच शंका आली. मी म्हटले, “पोराला गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन देऊ.”

“आगीत तेल ओत,” दादा म्हणाले.

माझे म्हणणे साधे होते आणि ते व्यापाऱ्याला पटण्यासारखे होते. मोबाईलवरच्या खेळाची किंमत शून्य असते, म्हणून त्याचा सारा धंदा पुढच्या किरकोळ विक्रीवर चालतो. मुलाने खेळ सोडू नये, रोज परत यावे, आज नाही तर उद्या ८९ रुपये टाकावे, हे पाहणारी माणसे पगारावर ठेवलेली असतात. कॉम्प्युटरवरचे चांगले खेळ अजूनही पुष्कळसे जुन्या रीतीने विकले जातात : एकदा दाम मोजा, पूर्ण खेळ घ्या, संपला की बाजूला ठेवा. अशा खेळाला शेवट असतो. (कॉम्प्युटरवरही फुकटचे आणि पेट्यांचे खेळ आहेतच, हे सांगितले पाहिजे, पण तेथे निवड करायला जागा आहे.) शिवाय मोबाईल पांघरुणात जातो. कॉम्प्युटरचे अवजड यंत्र पांघरुणात जात नाही. ते दिवाणखान्यात, आईच्या जपाच्या खुर्चीसमोर मांडता येते.

दादांनी आठ दिवस उत्तर दिले नाही. मग त्यांनी विचारले, “तू लहानपणी एवढे खेळलास, तुला काय मिळाले?”

हा प्रश्न मला आवडला नाही, पण त्याचे उत्तर माझ्याकडे होते. १९९८ साली वडिलांनी दुकानाच्या हिशेबासाठी जोडणीचा कॉम्प्युटर घेतला. त्यात ३२ मेगाबाइट रॅम होती. आज पुतण्याच्या यंत्रात याच्या पाचशे बारा पट आहे. दिवसा टॅली आणि रात्री दुकान बढवल्यानंतर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तो खेळ मला एका मित्राने फ्लॉपीवर दिला होता आणि आम्ही दोघांनीही त्याचे दाम कोणालाच दिले नव्हते. त्या काळी याला चोरी म्हणतात हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, पण म्हणून ती चोरी नव्हती असे नाही.

जॉर्डन मेकनर या तरुणाने हा खेळ १९८९ साली ॲपल-२ या यंत्रासाठी लिहिला. नायकाची धाव खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. पण एवढ्यातच यंत्राची स्मृती संपत आली. नायकाला प्रतिस्पर्धी हवा होता आणि त्याची चित्रे ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याने काटकसरीचा असा नमुना घडवला की आपल्या आजोबांनी पाठ थोपटली असती. नायकाचीच चित्रे घ्यायची आणि ती किंचित सरकवून स्वतःवरच उलटी घालायची, म्हणजे त्यातून एक चमचमणारी छायाकृती उभी राहते. नवे चित्र एकही नाही, आणि प्रतिस्पर्धी तयार. खेळाच्या अखेरीस ही छाया तलवार उपसून समोर येते. मी तिच्यावर वार करायचो आणि माझेच प्राण कमी व्हायचे. कितीतरी रात्री मी तेथेच मरत होतो. शेवटी कंटाळून एकदा तलवार म्यान केली आणि नुसता पुढे चालत गेलो. छायेनेही तलवार म्यान केली. दोघे एकमेकांत मिसळून एक झाले आणि वाट मोकळी झाली.

हे मी दादांना सांगितले. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे त्या वर्षी बारावीत साठ टक्के पडले ते यामुळे.”

एवढे बोलूनही त्यांनी होकार दिला. अटी तीन घातल्या. सत्तर हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही. यंत्र तयार आणायचे नाही, सुटे भाग आणून मुलाने स्वतःच्या हाताने जोडायचे. आणि गेलेले १४,७६० रुपये त्याने दुकानात रोजंदारीवर बसून फेडायचे. तिसरी अट मला सुचली नव्हती. पुतण्याने ती सर्वांत आधी मान्य केली.

जूनमध्ये, दुकानाच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, आम्ही तिघे सकाळच्या लोकलने निघालो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तेथून पायी लॅमिंग्टन रोड. सरकारी दप्तरी या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही अजून जुन्या इंग्रज गव्हर्नराच्याच नावाने पत्ता सांगतात. पूर्वी येथे रेडिओचे सुटे भाग मिळत, आता कॉम्प्युटरचे. ऑनलाइन भाव काही वेळा कमी असतात हे मला ठाऊक आहे. तरीही पहिली खरेदी बाजारात उभे राहून करावी असे माझे मत आहे. माल हातात घेतल्यावाचून मुलाला माल कळत नाही.

वाटेत गाडीत पुतण्याने दादांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते समजावण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग मी माझ्या परीने सांगितले. प्रोसेसर हा जुना जाणता मुनीम आहे; कोणताही गुंतागुंतीचा हिशेब करील, पण एका वेळी थोडेच. पडद्यावरच्या चित्राचे काम वेगळे आहे. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येकाचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवायचा. गुणाकार १२ कोटी ४४ लाखांवर जातो. हा हिशेब अवघड नाही, पण अफाट आहे. तेथे मुनीम बसवून उपयोग नाही. हजारो पोरे ओळीने बसवून प्रत्येकाला चार-चार ठिपके वाटून द्यावे लागतात. ही पोरांची शाळा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. “मग टॅलीला ते लागत नाही,” दादा म्हणाले. मुळीच लागत नाही. दुकानाच्या यंत्रासाठी कोणी तुमच्या गळ्यात ग्राफिक्स कार्ड बांधू पाहील तर सरळ उठून यावे.

आमच्या सत्तर हजारांतला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग या एकाच वस्तूला गेला. खेळाच्या यंत्रात तो तेथेच जावा. प्रोसेसर मधल्या प्रतीचा पुरतो. रॅम १६ गिगाबाइट, पण एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन. दोन दारांनी माल लवकर उतरतो. साठवणीला एक टेराबाइटची एसएसडी. चमचमणारे दिवे मात्र एकही घेऊ नयेत असे मी सांगितले होते. पुतण्याचा चेहरा पडलेला पाहून दादांनीच दिव्यांचा एक पंखा घ्यायला लावला.

खरी गंमत एसएमपीएसच्या वेळी झाली. विजेचा दाब यंत्राच्या उपयोगाचा करून देणारा हा डबा. खेळात तो दिसत नाही, म्हणून लोक तेथे पैसे वाचवतात. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दोन्हींवर ५०० वॅट लिहिलेले, भावात मात्र चौपट फरक. पुतण्या म्हणाला, “दोन्ही पाचशेच आहेत, स्वस्तातला घेऊ, उरलेल्यात मोठे कार्ड येईल.” दादांनी काही न बोलता दोन्ही डबे दोन हातांत तोलले. चाळीस वर्षे खिळ्यांची पोती आणि पत्र्याचे गठ्ठे उचललेले ते हात. स्वस्त डबा त्यांनी परत ठेवला. “यात माल नाही,” ते म्हणाले. वजन ही काही शास्त्रीय कसोटी नव्हे. कार्यक्षमतेचे ‘८० प्लस’ प्रमाणपत्र आणि किती वर्षांची हमी, हे पाहावे. पण त्या दिवशी प्रमाणपत्र पाहिले तेव्हा ते वजनदार डब्यावरच निघाले. आमच्या शहाडकडे विजेचा दाब उन्हाळ्यात कसा वर-खाली होतो हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. हलका एसएमपीएस जळताना एकटा जळत नाही, सोबत मदरबोर्डही नेतो.

बिलाच्या वेळी मी दादांच्या कानात म्हटले, दुकानाच्या नावे घेतले तर १८ टक्के जीएसटीची वजावट मिळेल. व्यापारी वाचकांना हा मोह अपरिचित नसावा. दादांनी बिल पुतण्याच्या नावे, पक्के, प्रत्येक भागाचा क्रमांक घालून करून घेतले. “खेळायचे यंत्र दुकानाच्या माथी नको. या घरात आधीच एकाने गल्ल्यात हात घातला आहे,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या विषयावर बाप-लेक एकमेकांकडे पाहून किंचित हसले. पक्क्या बिलाचा दुसराही उपयोग आहे. बिलाशिवाय थोडा स्वस्त मिळणारा परदेशी माल पुष्कळ असतो, पण तो बिघडला की हमी मागायला सिंगापूरला जावे लागते.

जोडणीला एक पूर्ण दिवस लागला. यूट्यूबवर तासाभरात होते ती. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि हात लावायचा नाही असे स्वतःला बजावले. प्रोसेसर खाचेत बसवताना त्याचे हात थरथरत होते. ते थरथरले नसते तर मला चिंता वाटली असती. वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर हीटसिंक, मग पंखा. कळ दाबली तर पंखे फिरले, पडदा काळाच. पंधरा मिनिटे कोणी श्वास घेतला नाही. रॅमची एक पट्टी अर्धवट बसली होती.

आईने दुरूनच विचारले, “पंखे आत हवा ओढतात ना? मग किडा-मुंगी आत गेली तर?” हे मला पंचवीस वर्षांत सुचले नव्हते. गरम यंत्राजवळ मुंग्या आणि झुरळे खरोखरच येतात, आणि कल्याण-मुरबाड रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या घरात धूळ तर न बोलावता येते. हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर बारीक जाळी असलेले कॅबिनेटच घ्यावे. नसेल तर जाळी वेगळी मिळते. पाणी गाळून पिणाऱ्या घरात हवाही गाळूनच आत जाऊ दे, असे आई म्हणाली आणि दर पंधरा दिवसांनी जाळी काढून, झटकण्याआधी नीट पाहून, साफ करायचे काम पुतण्याला लावून दिले. यंत्राचे तपमान त्यामुळे पाच-सहा अंशांनी कमी राहते, हा माझा हिशेब.

कॅबिनेट आम्ही जमिनीवर ठेवत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी या परिसरात शिरले तेव्हा दुकानातले ते १९९८ चे यंत्र टेबलाखाली होते. वडिलांनी रंगाचे डबे माळ्यावर चढवले, वह्या चढवल्या, यंत्र राहिले. सात वर्षांची खतावणी चिखलात गेली आणि उधारी गिऱ्हाइकांच्या शब्दावर पुन्हा लिहावी लागली. बहुतेकांनी खरे आकडे सांगितले. तेव्हापासून हिशेबाची एक प्रत नेहमी दुसऱ्या घरी असते.

आता खेळांविषयी. दादांनी महिन्याला पाचशे रुपये ठरवून दिले आणि वही घालायला सांगितली : डाव्या पानावर पैसे, उजव्या पानावर तास. स्टीम या मोठ्या दुकानावर भाव रुपयांत असतात, वर्षातून काही वेळा मोठा सेल लागतो, आणि खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळले असेल तर खेळ परत करता येतो. ही शेवटची सोय आमच्या पुतण्याने व्यापाऱ्याच्या मुलाला शोभेल अशा चोखपणे वापरली. पहिले तीन खेळ त्याने परत केले. चौथा ठेवला तो शहर वसवण्याचा, ‘सिटीज : स्कायलाइन्स’. त्यात त्याने नदीकाठी एक शहर वसवले, रस्ते काढले, आणि सांडपाणी नदीत सोडल्यावर खाली राहणारे लोक आजारी पडू लागले तेव्हा दोन दिवस डोके धरून बसला. मग ‘राजी’ घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संचाने २०२० साली केलेला हा खेळ. त्यातले वाडे, जाळीच्या खिडक्या, कथा सांगणाऱ्या चित्रांची धाटणी पाहून आई जपाची माळ हातात धरूनच खुर्ची पुढे ओढून बसली.

एक गोष्ट मात्र मी त्याला पहिल्याच खरेदीच्या वेळी दाखवली. पैसे देण्याच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की तुम्ही खेळ विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेता. कॅलिफोर्नियात २०२५ पासून असे स्पष्ट सांगण्याची कायद्याने सक्तीच झाली आहे. हे कागदोपत्रीच राहते असे समजू नये. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ लोकांनी पूर्ण दाम देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि तो सगळ्यांच्याच घरी बंद पडला, ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांच्याही. पुतण्या विचार करून म्हणाला, “म्हणजे काका, हा मालकीचा गाळा नाही. पागडीचा आहे.” मुंबईच्या आसपास वाढलेल्या मुलालाच हे सुचावे. मालकीचा गाळा हवा असेल तर जीओजी हे पोलंडचे दुकान आहे. ते खेळाची पूर्ण फाइल तुमच्या हाती देतात, ती आपल्या डिस्कवर ठेवावी. भाव सारखाच असेल तेव्हा आम्ही तेथून घेतो.

आणि फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ खेळांपासून दूर राहावे. माझ्या फ्लॉपीच्या काळात फार तर यंत्र अडखळे. आज त्या फाइलच्या पोटातून खंडणीखोर प्रोग्रॅम येतो आणि त्याच जाळ्यावर दुकानाचे टॅली असेल तर तेही कुलूपबंद करून पैसे मागतो. खेळाचे यंत्र आणि हिशेबाचे यंत्र वेगळे ठेवावे हे यासाठीच.

नेमबाजीच्या खेळांवर आमच्या घरात अजून एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पुतण्याचे म्हणणे, पडद्यावर कोणी मरत नाही, ते ठिपके आहेत. तुम्हीच सांगितले, वीस लाख. माझे मत त्याच्याजवळचे होते. पर्युषणात एका संध्याकाळी आईने त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलकचंपू’त ती विस्ताराने लिहिली आहे, आपल्यापैकी अनेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली असेल. राजाला जिवंत प्राण्याचा बळी नको होता. आईच्या, चंद्रमतीच्या आग्रहापुढे त्याने तोड काढली आणि पिठाचा कोंबडा करून कापला. पिठात जीव नव्हता. तरी दोघांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावे लागले, कारण कापताना मनात कोंबडाच होता. “तुझे ठिपके आणि त्याचे पीठ,” आई म्हणाली.

पुतण्याने उलट विचारले, “आजी, मग बुद्धिबळात घोडा मारतो त्याचे काय?” आईकडे तयार उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की घोडा मारताना तुझ्या मनात घोडा नसतो, घर असते. मला हे उत्तर पुष्कळसे पटते, पूर्ण पटत नाही. मीही एके काळी ‘डूम’ खेळलो आहे आणि त्या वेळी माझ्या मनात काय होते ते मला प्रामाणिकपणे आठवत नाही. सध्या घरचा नियम एवढाच : असे खेळ विकत घ्यायचे झाले तर आजी खोलीत असताना खेळायचे. त्याने अजून एकही घेतलेला नाही. मित्राकडे जाऊन खेळतो की नाही, हे मी विचारलेले नाही.

दुकानाचे १४,७६० रुपये दिवाळीपर्यंत फिटले. दादांनी त्याला नवा पिन अजून सांगितलेला नाही. रंगाच्या कंपनीला पैसे पाठवायचे असले की फोन त्याच्याकडून घेतात, पिन स्वतः घालतात आणि परत देतात.

आता बाजारभावाचे बोलतो, कारण या अंकाच्या वाचकांना त्याचा आज उपयोग आहे. सध्या नवे यंत्र घेणाऱ्यांनी थोडे थांबावे किंवा रॅमचा भाव पाहून बसावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना स्मृतीच्या चिप लागतात आणि कारखाने आधी त्यांना माल देत आहेत. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले की घरगुती गिऱ्हाइकांसाठीची ‘क्रुशल’ ही आपली मालिकाच ती बंद करते आहे. अशा तेजी-मंदीला हा बाजार नवखा नाही. १९९३ साली जपानमध्ये चिपच्या वेष्टणाला लागणारे राळेसारखे रसायन करणारा एक कारखाना स्फोटात गेला आणि जगभर रॅम महागली. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि दिवाळीनंतर डिस्क घ्यायला गेलेला मी जवळजवळ दुप्पट भाव ऐकून रिकाम्या हाती परतलो. आमचे यंत्र बुडवणारा पूर मला ठाऊक होता; दुसऱ्या देशातला पूरही शहाडच्या खिशापर्यंत येतो हे तेव्हा कळले. ग्राफिक्स कार्डांची २०२१ ची टंचाईही अशीच ओसरली. आभासी चलनाच्या खाणकामावर लावलेली कार्डे पुढल्या वर्षी जुन्या बाजारात येऊन पडली. अर्थात ती घेऊ नयेत. रात्रंदिवस जुंपलेला बैल कोणी बाजारात का आणतो, हे ओळखावे.

जून महिन्यात आम्ही ३,४०० रुपयांना घेतलेल्या त्या दोन पट्ट्यांचा भाव गेल्या आठवड्यात मी सहज विचारला. तो दुपटीच्याही पुढे गेला होता. रात्री जेवताना मी हे सांगितले तेव्हा दादांनी घास हातातच धरला. आठ महिने घरात वापरून वर दुपटीने जाणारा माल त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ते पुतण्याला म्हणाले, “मग विकून टाकायच्या का? भाव पडला की परत घेऊ.”

पुतण्याने वहीतून मान वर केली. “बाबा, एक विकता येईल,” तो म्हणाला. “यंत्र चालेल. पण मग नदीकाठचे शहर फार हळू वाढेल.”

दादांनी थोडा वेळ हिशेब केला आणि आमटी मागितली.